बुडालेल्या बंदराचं अत्तर

संग्रहालयातल्या यंत्राने एका बुडालेल्या बंदरातलं दोन हजार वर्षांपूर्वीचं अत्तर पुन्हा तयार केलं होतं. वाळा-चंदनाचा तो वास घेतला की लोक कपडे गुडघ्यांपर्यंत वर धरून जिन्याकडे पळायचे.

“समुद्र आत शिरला तेव्हा कुणीतरी हे अत्तर घोटत असणार. त्याची भीती यात उतरलीय. मॅडम, बंद करू या,” सहकारी यशोधन म्हणाला.

“भीतीला कुठे वास असतो?” म्हणत चारुताने थेंबभर अत्तर मानेला लावलं. दुसऱ्याच क्षणी तिने शेजारी उभ्या असलेल्या लेकीला उचलून कडेवर घेतलं.

“आई, खाली ठेव ना!” रेवा हसली.

“थांब, पाणी ओसरू दे.”

“कुठेय पाणी?” रेवाने लाडाने आईच्या मानेत तोंड खुपसलं. मग तिचं हसणं थांबलं. तिने हळूच पाय वर ओढून घेतले.

“आई,” ती कुजबुजली, “अजून वर घे.”