गोड बोला

दिवेलागण झाली तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकही बाई आली नव्हती. दरवर्षी आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. आज रांगोळीला कुणाचा पायसुद्धा लागला नव्हता.

"आई, माझ्यामुळेच ना?" केतकीनं विचारलं.

पोहायला शिकवणारे सर तिला नको तिथे हात लावायचे. तिनं ते पोलिसांना सांगितलं. सर आमच्याच सोसायटीतले, सगळ्यांचे लाडके. तेव्हापासून जिन्यात आम्ही दिसलो की बायका घाईघाईनं उतरून जायच्या.

"वेडी आहेस का?" म्हणत मी तिळाच्या वड्या उगाच पुन्हा रचल्या.

बेल वाजली. दारात सरांची आई उभी होती. आता ही तमाशा करणार.

केतकीनं वडी पुढे केली. "तिळगूळ घ्या, गोड..."

म्हातारीनं वडी तोंडात टाकली. "गोड बोल म्हणतील सगळे. तू कोर्टात खरं तेच बोल."

मग जिन्यात घुटमळणाऱ्या बायकांवर ती खेकसली, "अगं, या की वर! मी त्याची आई असून आले, तुम्हाला कसली भीती?"