सात नंबरची दांडी

पहिला डबा उडाला, दुसरा त्याच्या पाठीवर चढला, मागचे सगळे आडवे झाले. इंजिन टेबलाच्या कडेवरून खाली पडलं आणि उताणं पडून चाकं फिरवत राहिलं.

"पाहिलंत?" घड्याळजी म्हणाला.

म्हातारीची पापणीसुद्धा हलली नव्हती. "परत करा."

त्याने इंजिन उचललं, फुंकर मारून धूळ उडवली. चाळीस वर्षं घड्याळं उघडलेली बोटं ती, डबे रुळावर ठेवताना आवाज होत नव्हता. दुकान बंद केल्यापासून त्याने या खोलीत एकच स्टेशन बांधलं होतं. अकरा वर्षांपूर्वी गाडी घसरून बेचाळीस माणसं मेली, ते. फलाट, पाण्याची टाकी, केबिन, केबिनमध्ये रूळ बदलायच्या बारा दांड्या. प्रत्येक दांडी बोटाने ओढली की खालची सळई सरकायची आणि रूळ हलायचा.

"आमच्या घरात माणसाला पाय ठेवायला जागा नाही," त्याची बायको दारातून म्हणाली. "पलंगाखालून मालगाडी जाते. मला अजून तिकीट विचारत नाहीत, तेवढे उपकार."

म्हातारी हसली नाही.

सकाळी दार वाजलं तेव्हा म्हातारी एवढंच बोलली होती, "त्या दिवशी माझा मुलगा गेला. दोष केबिनवाल्याचा होता की नव्हता, ते तुम्हाला ठाऊक आहे म्हणतात. दाखवा." तिला पाणी देऊन बायकोने नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं होतं. "केबिनवाल्याची आईच असणार हो. जपून बोला. तुमच्या जिभेला हाड नाही."

जपून बोलण्यासारखंच होतं ते. गाडी घसरली आणि लोकांनी केबिनवाल्याला जिन्यावरून फरफटत खाली आणलं. दगडांनी ठेचलं, विटांनी ठेचलं, रुळाच्या खिळ्यांनी भोसकलं. तो हात जोडत होता तर हातच मोडले. शेवटी ओळख पटायला चेहरा उरला नव्हता, कोटाची बटणं तेवढी शाबूत होती. मग चौकशी झाली. दोष मेलेल्याचा ठरला. मेलेला काय, उलटून बोलणार थोडाच.

"झोपला होता म्हणतात," म्हातारी म्हणाली.

"झोपलेला माणूस दांडी ओढतो का, आजी? सात नंबरची दांडी पुरती ओढलेली सापडली."

"मग दारू?"

"डॉक्टरांनी लिहून दिलंय, थेंब नव्हता."

"एवढीशीसुद्धा नाही?"

"एवढीशीसुद्धा नाही. देवमाणूस होता हो."

म्हातारीने ओठ घट्ट मिटले. बायकोचे डोळे भरून आले.

"आता नीट बघा," घड्याळजी टेबलाखाली वाकला. "केबिनपासून त्या रुळापर्यंत दीडशे पावलं लांब सळई होती. लोखंड उन्हात वाढतं. म्हणून मध्ये एक जोड घालतात, वाढलेलं तो पोटात घेतो. त्या आठवड्यात सळई नवी टाकली आणि रूळदुरुस्तीचे गँगवाले जोडच विसरले. सकाळी काही कळलं नाही. भर दुपारी सळई दोन बोटं वाढली." त्याने एक बारीक स्क्रू पिळला. "हे बघा, दुपार झाली. ओढा तुम्हीच दांडी."

म्हातारीने सात नंबरची दांडी ओढली. ती पुरती आली, जागेवर बसली. तिकडे रूळ मात्र पुरता मिटला नाही, फट राहिली.

"केबिनमधून ती फट दिसत नाही. त्याने आपलं काम चोख केलं होतं."

त्याने गाडी सोडली. परत तेच. डबे एकमेकांवर चढले.

"स्क्रू सैल करा," म्हातारी म्हणाली. त्याने केला. गाडी सरळ निघून गेली. तिने पाच वेळा तसं, पाच वेळा असं करून घेतलं. दर वेळी तिचा चेहरा आणखी पांढरा पडत होता.

"कागदावर आहे हे कुठे?"

"कागद कुठले! स्टेशन उखडायच्या आधी वर्षभर दर रविवारी जाऊन फूटपट्टीने मोजलं आणि घरी येऊन थेट बांधलं. मला लिहिता कुठे येतं धड. जे आहे ते इथे, आणि या हातांत." त्याने दोन्ही पंजे अभिमानाने टेबलावर पसरले. "उद्या रेल्वेचे मोठे साहेब येतायत बघायला. केबिनवाल्याचं नाव धुऊन निघेल, आजी."

त्याच्या शेजारी वीतभर खऱ्या रुळाचा तुकडा पडला होता, पत्रा ठोकायला ऐरण म्हणून ठेवलेला. म्हातारीने तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या उजव्या पंजावर घातला.

हाडं काटक्यांसारखी वाजली. तो ओरडायच्या आत दुसऱ्यावर घातला. मग केबिनवर. दांड्या उडाल्या, सळया वाकल्या, स्क्रू कुठल्या कुठे गेला. तो गुडघ्यांवर कोसळून "नको, नको" करत होता, ते स्वतःच्या हातांसाठी की रुळांसाठी, कळत नव्हतं. ती ठोकत राहिली. टेबलाचा पाय मोडला. फलाटावर रक्त पसरलं.

बायकोने धावत येऊन तिला मागून मिठी घातली. "अहो आई, वेड लागलं का! तुमच्या लेकावरचा डाग पुसतायत ते!"

म्हातारीने रुळाचा तुकडा खाली टाकला. तिला धाप लागली होती.

"माझा लेक गाडीत होता," ती म्हणाली. "केबिनवाल्याच्या डोक्यात पहिला दगड मी घातला."