नावाड्याची बायको

लाल दिवा लागायला सात मिनिटं होती आणि तळटीप अजून आली नव्हती.

सर हेडफोन गळ्यात अडकवून बसले होते. समोर निवेदक दर मिनिटाला घड्याळ बघत होता. दर गुरुवारी दुपारी या नभोवाणी केंद्रात दोन इतिहासकार बसायचे. एक निवृत्त झालेले सर, दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. आठवड्यातली एखादी राजकीय बातमी घ्यायची, नाहीतर गाजलेला सिनेमा, आणि पूर्वी असं कधी घडलं होतं ते उलगडून सांगायचं. तळटीप हे नाव सरांनीच ठेवलेलं. पुस्तक हातात पडलं की ही पोरगी आधी पानाच्या तळाशी बघायची, मग वर.

"आजचा कार्यक्रम माझा शेवटचा," सकाळी सरांनी बायकोला सांगितलं होतं.

"सुटलो एकदाचे," ती म्हणाली. "त्या धमक्यांच्या फोनांनी माझी झोप उडालीय. या वयात विस्तवाशी खेळायचं सांगितलंय कुणी?"

सरांनी चपला पायात सरकवल्या होत्या.

फोन येत होते ते सिनेमामुळे. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी सरांनी नदीकाठच्या बंडावर पुस्तक लिहिलं. त्यातली तीन पानं एका नावाड्यावर होती. नदीपलीकडच्या गावांवर चालून निघालेल्या सैन्याला उतरवून द्यायला त्यानं नकार दिला आणि भर पात्रात स्वतःची होडी बुडवली. ती तीन पानं शाळेच्या पुस्तकात गेली, मग चौकात पुतळा उभा राहिला आणि यंदा सिनेमा आला. सिनेमातला नावाडी मात्र वल्हं फेकून तलवार उपसतो आणि पलीकडच्यांनाच कापत सुटतो. सर जाहीरपणे म्हणाले, हे धादांत खोटं आहे. झालं, फोन सुरू.

सिनेमातलं गाणं सत्ताधारी पक्षाच्या सभांत वाजू लागलं. पक्षाचे नेते तर स्वतःला नावाड्याचे वंशज म्हणवून घेत. गेल्या रविवारी तेच गाणं म्हणत एक जमाव पलीकडून येऊन वसलेल्यांच्या वस्तीत शिरला. सतरा घरं जळाली. एक शिंपी आणि त्याची सून बाहेर पडू शकली नाहीत.

सरांनी ती बातमी चार वेळा वाचली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तळटीप धापा टाकत आली, एक पुठ्ठ्याची फाइल टेबलावर ठेवली आणि लाल दिवा लागला.

"सर, गाण्यानं माथी भडकतात का हो?" निवेदकानं विचारलं.

"भडकलेल्या माथ्यांना ते चाल लावून देतं," सर म्हणाले. "राजे पदरी भाट ठेवायचेच. हरलेली लढाईही कवनात जिंकलेली असायची. तेव्हा दरबारातले चार लोक ऐकायचे, आता खिशाखिशात वाजतं."

"मग अशा वेळी इतिहासकारानं काय करावं?"

सरांनी घसा खाकरला. याच प्रश्नाची ते वाट बघत होते. "मला आज एक गोष्ट..."

"माफ करा सर, आधी मी बोलते," तळटीप म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं त्यांचं वाक्य कधी तोडलं नव्हतं. "जकातीच्या जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यात मला एक पत्र मिळालंय. नाक्यावरच्या कारकुनानं वरिष्ठांना लिहिलेलं."

ती सावकाश वाचू लागली. "'नावाड्यास पुष्कळ दटाविले, ऐकत नाही. म्हणतो, माझी बायको पलीकडच्या तीराची. सासुरवाडीवर तलवारी कशा उतरवू? शिपाई हसले. तो हसला नाही. तिसऱ्या प्रहरी होडी बुडविली.'"

 निवेदकाला हसू आवरेना. "म्हणजे नेतेसाहेब खरंच वंशज असतील, तर त्यांचं आजोळ पलीकडचं?"

"नातं तुम्हीच जुळवा," ती म्हणाली.

फोनच्या तिन्ही लाइनी लागल्या. एक बाई म्हणाली, माझी आजी पलीकडची होती, घरात आम्ही लपवून ठेवलं, आज पहिल्यांदा बोलतेय. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, आमच्या पणजोबांनी त्या नावाड्याच्या बायकोला डोळ्यांनी पाहिलं होतं, उंच होती. वस्तीजवळच्या एका दुकानदारानं फक्त विचारलं, "जळलेल्या घरांसाठी काही सामान द्यायचं असेल तर कुठे आणू?"

"सर, या विषयात तुमचा शब्द शेवटचा," निवेदक म्हणाला. "पत्र खरं आहे?"

सरांनी कागद दिव्याखाली धरला. शाई विटलेली, कडा कुरतडलेल्या. बराच वेळ ते नुसते बघत राहिले. काचेपलीकडे फोनचे दिवे लुकलुकत होते.

"अक्षर त्या काळच्या वळणाचं आहे," ते शेवटी म्हणाले. "आणि अशी माणसं तेव्हा होती."

कार्यक्रम संपला. जिन्यात दोघंच होती. सर कठड्याला धरून एक मजला उतरले आणि थांबले.

"तळटीप, तुला कुणीतरी फसवलंय. ते पत्र बनावट आहे."

"दोन मिनिटांत कसं ओळखलंत?"

"कागद बघायचीही गरज नव्हती." ते पायरीवर बसले. "असा नावाडी कधी झालाच नाही. प्रकरण कोरडं वाटत होतं, छापखान्याचा माणूस दारात ताटकळला होता. एका दुपारी बसून मी तो रचला. आज तेच कबूल करायला आलो होतो."

ती त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली. खाली रस्त्यावरून कुणीतरी रेडिओ मोठ्यानं लावून चाललं होतं.

"मला सात वर्षांपासून माहीत आहे, सर," ती म्हणाली. "म्हणून तर पत्र मला लिहावं लागलं."