पथ्याचं तळण

"यात सगळ्यात जास्त कॅलरी कशात आहेत?"

काउंटरवरच्या मुलीला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. गिऱ्हाइकं विचारायची ते नेमकं उलटं. तिने पुन्हा विचारून खात्री केली आणि बाजूच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. समोरची बाई चष्मा सावरत तक्त्यावर वाकली.

हा तक्ता तिला नवा नव्हता. रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात ती आहारतज्ज्ञ होती, आणि रुग्णांना हाच तक्ता दाखवून सांगायची, की चिकन स्ट्रिप्स म्हणजे बोटभर कोंबडीला घातलेला पिठाचा जाड कोट, आणि तेल पितो तो कोट. लोक हसायचे. तिच्या खोलीच्या दारावर स्ट्रिप्सचं चित्र होतं, त्यावर लाल फुली. फुली तिनेच मारली होती.

आज ती तेच आकडे दुसऱ्या डोळ्यांनी वाचत होती. प्रथिनं बरी होती. चरबी भरपूर, म्हणजे चार घास गेले तरी एका जेवणाची ताकद. मिठाच्या रकान्यापाशी ती घुटमळली. मग तिला सासूबाईंचं सकाळचं ब्लडप्रेशर आठवलं. ते खालीच होतं. चालेल.

"स्ट्रिप्स द्या," ती म्हणाली. "पण आत्ता तळून. आधी तळून ठेवलेल्या नकोत. मी थांबते."

पलीकडे हॉस्पिटलच्या वॉर्डात तिच्या सासूबाई होत्या. केमोथेरपी सुरू झाल्यापासून त्यांच्या तोंडाची चव गेली होती. सूप, मऊ भात, अंडं, सगळं त्यांना ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं. दोन घास झाले की त्या ताट सरकवून भिंतीकडे वळायच्या. वजन उतरत चाललं होतं. सकाळी डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, की असंच चाललं तर पुढचा डोस लांबवावा लागेल, आणि तो लांबवणं बरं नाही. पथ्य राहू द्या, पोटात जाईल ते द्या, फक्त गरम आणि ताजं. हे वाक्य तिने स्वतः कितीतरी नातेवाइकांना ऐकवलं होतं. ऐकणाऱ्याला ते कसं लागतं, हे तिला आज कळलं.

काय खावंसं वाटतं, म्हणून तिने सासूबाईंना विचारलं होतं. त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, सांगितलं तर रागावशील. आणि सांगितलं. नातीला नाचाच्या क्लासवरून आणताना दोघी वाटेत थांबायच्या, स्ट्रिप्सच्या एका खोक्यात दोघींचं भागवायच्या, आणि घरी शिरण्याआधी तोंड पुसायच्या. कुरकुरीत काहीतरी चावावंसं वाटतं, एवढंच.

ही सून त्यांच्यासाठी कित्येक वर्षं बिनतेलाच्या भाज्या करत आली होती. मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवायची, त्यांचा हात पोचणार नाही अशी. त्याही तिला पाहुण्यांसमोर मास्तरीणबाई म्हणायच्या, आणि ते कौतुक नसायचं. पण आज ती रागावली नव्हती. दुकान कुठलं, एवढंच तिने विचारलं होतं.

गरम खोका तिने हॉस्पिटलच्या पांढऱ्या कोटाच्या आत धरला आणि जवळजवळ पळतच रस्ता ओलांडला. वॉर्डाच्या दाराशी नर्स उभी होती. आधी तिला वास आला, मग कोटाचा फुगवटा दिसला, मग कोट कुणाचा ते दिसलं. ती खिडकीचा पडदा नीट करायला निघून गेली.

सासूबाईंनी खोक्याकडे पाहिलं आणि हळूहळू उशीवर टेकून बसल्या.

"तू आणलंस?"

"हो, आई."

"रांगेत उभी राहून?"

"रांगेत उभी राहून. जरा निवू द्या, तोंड आलंय तुमचं."

त्यांनी धीर धरला, पण फार नाही. एक तुकडा तोडून तोंडात घातला. कुरुमकुरुम असा आवाज पलंगाच्या पायथ्यापर्यंत ऐकू आला. त्या कितीतरी वेळ चावत राहिल्या. सून त्यांच्या गळ्याकडे टक लावून बसली. घास खाली गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला त्या अडखळल्या, कपाळाला आठ्या पडल्या, तोंड वाकडं झालं. सुनेने पलंगाखालचं उलटीचं भांडं उचललं आणि दुसरा हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

भांडं त्यांनीच बाजूला केलं.

"केवढं खारट करतात गं हे लोक."

सुनेचा हात पाठीवरच राहिला. "काय म्हणालात?"

"खारट आहे. आणि वरून मिरपूडही मारलीय थोडी." त्यांनी जीभ टाळ्यावर फिरवून पुन्हा खात्री केली. "तुझं अळणी बरं म्हणायची वेळ आणलीस माझ्यावर."

सुनेने पाण्याचा पेला उचलून पुढे केला.

"पाणी नंतर," सासूबाई म्हणाल्या. "आधी तो खोका इकडे सरकव, मास्तरीणबाई."