रातोमिरची शिस्त

सर्बियातल्या निश शहरातल्या जुन्या स्टुडिओत म्हाताऱ्या संगीतकार रातोमिरवर माहितीपटाचं शूटिंग चाललं होतं आणि सकाळपासून त्याची जीभ नुसती सुटली होती. "आमच्या नदीवरच्या 'निशावेचा पूल' या गाण्याची चाल मला दाढी करताना सुचली," तो कॅमेऱ्याला सांगत होता. "ही यागोदा? ही मागे कोरसमध्ये आ-आ करायची. लग्नांत गाणारी पोरगी, मी उचलून आणली म्हणून माणसांत आली."

चाल यागोदाची होती. गाणं गाजलं तसं त्यावर रातोमिरचं नाव चढलं. चाळीस वर्षं ती हे सांगत आली होती आणि चाळीस वर्षं लोक तिला खुळी म्हणत आले होते. तिने राकिया दारूचा पेला टेबलावर आपटला. "मेल्या, दाढी तरी तुझी स्वतःची होती का रे?"

"हिला बाहेर काढा आधी!" तो खेकसला आणि कॅमेऱ्याकडे वळून गोड हसला. "माझी शिस्त कडक. टेप फिरायला लागली की गाण्याआधी मी स्वतः बोलायचो, गाणं कुठलं आणि चाल कोणाची. रेकॉर्ड काढताना तेवढं कापून टाकायचो."

"मग लाव की मूळ टेप," यागोदा दारातून म्हणाली.

दिग्दर्शिकेने ती आधीच शोधून आणली होती. तिने बटण दाबलं.



"'निशावेचा पूल'. चाल यागोदाची," टेपमधून तरुण रातोमिर गुरगुरला, "आणि इतकी भिकार, की हिच्यावर माझं नाव चुकूनसुद्धा घालू नका."