झिजलेली नदी

चित्रांची पारख करणाऱ्या बाईंनी खोलीतला दिवा बंद केला आणि टॉर्च चित्राच्या कडेला आडवा धरला. कॅनव्हासवरचा रंग एकदम उंचसखल दिसू लागला. झाडांवर रंगाचे जाड थर होते, टेकडीवर सुरीने ओढलेले फटकारे होते. बाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चित्र तपासलं. चित्र विकायला आलेला तो समोरच्या खुर्चीत अवघडून बसला होता.

"सही नाही," अखेर त्या म्हणाल्या. "चित्रकार कोण, सांगता यायचं नाही. पण हात कसलेला आहे. तैलचित्र जुनंही आहे, कापड आणि खिळे दोन्ही तेव्हाचेच दिसतात. अशा निसर्गचित्रांना गिऱ्हाईक मिळतं. याची चौकट कुठे आहे?"

"घरी."

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

चौकट घरी भिंतीवरच होती. तिच्यात आता याच चित्राची छापील प्रत होती. चार दिवसांपूर्वी त्याने चित्राचा फोटो काढून तेवढ्याच आकाराची छपाई करून आणली आणि बाबा आंघोळीला गेलेले बघून अदलाबदल उरकली. चित्र बाबांचं. शिंपीकामाच्या पहिल्या कमाईतून जुन्या बाजारात घेतलेलं. बाबांची नजर हळूहळू अधू होत गेली आणि आता तर पुरतीच गेली होती.

"ज्यांना दिसतच नाही, त्यांना काय फरक पडतो?" तो बायकोला म्हणाला होता.

"विचारून तरी घ्या," ती म्हणाली होती.

त्याने विचारलं नाही. त्याला नवी गाडी घ्यायची होती. गाडी आली की बाबांनाही फिरवता येईल, अशी त्याने स्वतःचीच समजूत घातली होती.

"एक दोष आहे मात्र," बाईंनी टॉर्च जवळ नेला. "ही नदी बघा. खालच्या कोपऱ्यापासून काठाकाठाने वर, मग पूल, मग टेकडीवरची पायवाट. एवढ्याच पट्ट्यात रंग झिजून गुळगुळीत झालाय. बाकी सगळं जसंच्या तसं."

"पुसताना झालं असेल."

"फडक्याने असं झिजत नाही. हे बोटाने झिजलंय. घरात लहान मूल आहे?"

"नाही."

"मग रोज याच वाटेने बोट कोण फिरवतं?"

त्याला एकदम बाबा आठवले. रोज सकाळी बाबा त्या भिंतीकडे तोंड करून उभे असायचे. पाठमोरे, किंचित वाकलेले. कामावर निघायच्या घाईत तो त्यांच्यामागून जायचा आणि त्याला वाटायचं, तोल सावरायला भिंत धरली असेल. एकदा तर तो वैतागून म्हणालाही होता, "बाबा, सारखे भिंतीला हात लावू नका, डाग पडतात." बाबा मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसले होते.



"हे विकायचं नाही," तो उठत म्हणाला. "चुकून आणलं."

"चौकटीतूनही चुकूनच काढलंत?" बाईंनी शांतपणे विचारलं.

त्याने खाली मान घातली, चित्र चादरीत गुंडाळलं आणि तो जिना उतरला.

घरी बाबा स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले होते. समोर पातेल्यात कोमट पाणी होतं आणि त्यात त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत बुडलेले होते.

"चार दिवस हेच चाललंय," बायको हळू आवाजात म्हणाली. "हात शेकतात, तेल चोळतात. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणतात. नीट जेवतही नाहीत."

तिने चादरीकडे पाहिलं. मग ती पुन्हा कामाला लागली. ती काही बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

बाहेरच्या खोलीत जाऊन त्याने चौकट भिंतीवरून उतरवली. छापील नदीवरून बोट फिरवून पाहिलं. सगळं काचेसारखं सपाट. पाणी कुठे संपलं आणि काठ कुठे लागला, बोटाला काही कळत नव्हतं. त्याने ती छपाई काढून मुडपली आणि कपाटामागे कोंबली. मग खरं चित्र चौकटीत बसवलं आणि जागेवर टांगलं.

"बाबा, जरा इकडे येता?"

बाबा ओले हात पंच्याला पुसत, दाराची चौकट चाचपत आले. त्याने त्यांचा हात धरला आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यावर टेकवला. बाबा हात मागे घेऊ लागले. त्याने तो तसाच धरून ठेवला.

बोट जागच्या जागी थबकलं. मग हळूच पुढे सरकलं. काठाकाठाने वर गेलं, पुलावर चढलं, पलीकडे उतरलं, पायवाटेला लागलं. टेकडीच्या माथ्यावर पोचल्यावर बाबांनी मोठा श्वास सोडला. त्यांचे ओठ हलत होते. दारात उभ्या असलेल्या सुनेने तोंड फिरवलं.

सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं. तो म्हणाला, "बाबा, मी..."

"थांब, मला आधी सांगू दे," बाबा त्याचा हात चाचपत म्हणाले. "चार दिवस या बोटांना काही लागतच नव्हतं रे. नदी नाही, पूल नाही. मला वाटलं, डोळ्यांमागोमाग आता हीही गेली. तुला मुद्दामच बोललो नाही. आधीच माझ्यापायी किती करतोस तू."