कळशीभर नीळ

झाकण सरकवलं तसा कुजका वास पुतण्याच्या अंगावर आला. आज दुपारी काका दवाखान्यातून घरी येणार होते.

त्याने एक चिंधी निळीच्या रांजणात बुडवली, मनात शंभर आकडे मोजले आणि बाहेर काढली. नीळ जिवंत असती तर चिंधी हिरवट निघाली असती आणि वाऱ्यावर बघता बघता निळी झाली असती. ती राखाडी निघाली आणि राखाडीच राहिली. मग त्याने मूठभर कोंडा टाकला, चिमूटभर चुना टाकला, ढवळलं, पुन्हा टाकला. मेलेल्याच्या तोंडात घास कोंबावा तसं ते चाललं होतं. त्याला कळत होतं, पण हात थांबत नव्हते.

ही आंबवलेली नीळ काकांच्या आजीने दह्यासारखी विरजण घालून लावलेली. तेव्हापासून रांजण एक दिवस उपाशी राहिला नव्हता. जाताना काकांनी बजावलं होतं, "रोज ढवळ, रोज कोंडा घाल, रोज काही ना काही रंगव. परत आलो की हा रांजण तुझा." त्याने तसं केलंही. चार दिवस. पाचव्या दिवशी एक शाल डागाळली आणि त्याने धसकाच घेतला. उघडलं की हवा लागते, रंगवलं की नीळ घटते, त्यापेक्षा हातच लावायला नको. त्याने झाकण घट्ट बसवलं, वर दगड ठेवला, गिऱ्हाइकांना गोड बोलून वाटेला लावलं आणि दोन महिने रांजणाशेजारीच पथारी पसरली. असा राखणदार शोधून सापडला नसता.

काका काठी टेकत आले. उंबऱ्यातच त्यांना वासावरून कळलं. ते रांजणाजवळ येऊन खाली बसले. अंग निम्मं झालं होतं, पण नखांतली निळाई तशीच होती. पुतण्याची नखं लख्ख होती. त्याने ती मुठीत लपवली.

"काका, मी वापरली नाही हो. थेंबसुद्धा कमी होऊ दिला नाही."

काकांनी ती राखाडी चिंधी उचलून उजेडात धरली. चार शिव्या दिल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं. नव्याने लावलेली नीळ हाताला यायची तर वर्ष जातं, आणि काकांकडे वर्ष उरलेलं नाही, हे त्यांच्याकडे बघूनच दिसत होतं.

काकांनी विचारलं, "कुणी मागायला आलं होतं?"

पुतण्याला जरा धीर आला. निदान ही एक गोष्ट तरी त्याने चोख केली होती.

"आली होती ना. नदीपलीकडची ती विणकरीण. कळशी घेऊनच आली. म्हणे, विरजणापुरती द्या, मी माझा रांजण लावते. तीनदा आली. तिन्ही वेळा दारातूनच परत पाठवली."

काकांनी डोळे मिटले.

"दिली असतीस," ते म्हणाले, "तर आज कळशी घेऊन आपलीच नीळ विरजणाला मागायला आपण तिच्या दारात उभे राहिलो असतो."